आई रात्री उठताना पडते, पलंगाला कठडे लावावेत का?

रातराणी७

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते कारण घरात यावरून रोज वाद चाललाय आणि मला नीट माहिती असलेल्या लोकांकडून ऐकायचंय.

आईचं वय ७९. गेल्या तीन महिन्यांत दोनदा पडली, दोन्ही वेळा रात्री बाथरूमला जायला उठली तेव्हाच. पहिल्यांदा नुसता मुका मार लागला, दुसऱ्या वेळी मनगटाला फ्रॅक्चर, प्लॅस्टर आत्ताच निघालंय. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यातली एक लघवी जास्त होणारी, ती संध्याकाळी घेते. हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून रक्त पातळ करायची गोळी. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी पण बरीच वर्षं चालू आहे. गुडघे दुखतात. डोक्याने मात्र एकदम तल्लख, सगळ्यांचे वाढदिवस पाठ.

दादाचं म्हणणं असं की पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे लावू, रात्री डायपर घालू, आणि तिने उठायचंच नाही. रात्रीच्या मावशींनाही ते सोयीचं वाटतं. दादा काळजीपोटीच बोलतोय हे मला कळतं, दुसऱ्या वेळी त्यानेच तिला जमिनीवरून उचललं होतं आणि तो तेव्हापासून नीट झोपलेला नाहीये. पण डायपरचं नाव काढलं की आई गप्प होते, जेवतपण नाही धड. आणि तिने आता धसकाच घेतलाय, दिवसभर खुर्चीत बसून असते, उठलीच तर भिंत नाहीतर टेबल धरत धरत जाते.

कठडे लावावेत का? आणि पडू नये म्हणून नक्की काय काय बघायचं असतं, डॉक्टरांना काय विचारू? ते विचारतात "चक्कर येते का", आई म्हणते "नाही", विषय संपला.

सिस्टर_नाईटड्युटी

ताई, आधी सरळ उत्तर देते. कठडे नका लावू.

मी ज्येष्ठांच्या वॉर्डात नर्स आहे, त्यातही रात्रपाळी जास्त, त्यामुळे हे प्रकरण मला जवळून माहीत आहे. ज्याला लघवीची घाई झालीये आणि जो चालू शकतो तो माणूस कठडा बघून थांबत नाही. तो कठड्यावरून पाय टाकतो, नाहीतर पायथ्याच्या मोकळ्या जागेतून सरकत खाली यायला बघतो. म्हणजे आधी पलंगाच्या उंचीवरून पडला असता तो आता कठड्याच्या उंचीवरून पडणार. शिवाय गादी आणि कठडा यांच्या फटीत हात, मान, छाती अडकून जीव गेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. बांधून ठेवणं तर त्याहून वाईट. बांधल्याने पडणं थांबत नाही, उलट दुखापती वाढतात हे आता नर्सिंगमध्ये सगळीकडे शिकवतात. तल्लख डोक्याच्या बाईला रात्री कोंडून ठेवायचं, तिला काय वाटेल हा विचार तर वेगळाच.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही वेळा रात्र, दोन्ही वेळा बाथरूम. याला "तोल गेला" म्हणून सोडून देऊ नका. प्रत्येक पडण्यामागे कारण असतं, बहुतेक वेळा एक नाही तीनचार असतात, आणि तुमच्या पोस्टमध्येच मला निदान चार दिसतायत.

आमच्याकडे पेशंट आला की मोर्स स्केल भरतो, म्हणजे पडण्याचा धोका गुणांत मोजायचा तक्ता. तीन महिन्यांत आधी पडलाय का, याला २५ गुण. एकापेक्षा जास्त आजार, १५. आणि भिंत-फर्निचर धरून चालतो का, याला ३०, काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यापेक्षा दुप्पट! कारण टेबल सरकतं, खुर्ची कलंडते, भिंतीला पकडच नसते. तुमच्या आईचे इथेच ७० झाले, आणि साधारण ४५ च्या पुढे आम्ही जास्त धोका धरतो. तो स्केल हॉस्पिटलसाठी आहे, घरी गुण मोजत बसायची गरज नाही, पण त्यावरून एक कळतं की आई "जरा सावकाश चालते" इतकं साधं प्रकरण नाहीये.

पहिलं काम बीपीचं. झोपलेल्या अवस्थेतलं बीपी आणि उभं राहिल्यावरचं बीपी, दोन्ही हवीत. आईला ५ मिनिटं शांत आडवं पडू द्या, बीपी घ्या. मग उभं करा, बाजूला कुणीतरी धरायला तयार हवं, एका मिनिटाने घ्या आणि परत तिसऱ्या मिनिटाला घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठल्यावर बीपी पडतंय असं समजायचं. उभं राहिल्यावर गरगरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसवा, आकड्याच्या मागे लागू नका. आणि आईंना "चक्कर येते का" असं नका विचारू. वयस्कर माणसं चक्कर म्हणजे खोली फिरली पाहिजे असं धरतात. "उठल्यावर डोकं हलकं होतं का, पाय लटपटतात का" असं विचारा, उत्तर वेगळं येईल बघा.

दुसरं, औषधं. लघवीची गोळी संध्याकाळी घेतली तर रात्री उठावंच लागणार, ती सकाळी घेता येईल का विचारा. झोपेची गोळी हा तर मोठाच विषय. ज्येष्ठांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची बीअर्स यादी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी काढते, त्यात झोपेच्या बहुतेक नेहमीच्या गोळ्या आहेत, आणि सर्दी-खाजेच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्यापण आहेत ज्या आपण सहज घेतो. पण बरीच वर्षं चालू असलेली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका हां, त्रास होतो, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवायची. डॉक्टरांकडे गेल्यावर गोळ्यांची नुसती नावं सांगू नका, सगळ्या स्ट्रिप्स, आयड्रॉप, मनाने घेतलेल्या गोळ्या, सगळं पिशवीत घालून न्या.

तिसरं, लघवी. रात्री किती वेळा उठते, जळजळ आहे का, साखर तपासलीये का, हे बघून घ्या. आम्ही वॉर्डात बेल वाजायची वाट बघत नाही, राऊंडला गेलो की स्वतःच विचारतो "बाथरूमला जाऊन यायचं का". घाई झाल्यावर उठलेला माणूस चप्पल बघत नाही, दिवा लावत नाही. मावशींना हेच सांगा. झोपण्याआधी एकदा, आणि आईची नेहमी उठायची जी वेळ असेल त्याच्या थोडं आधी एकदा, स्वतःहून घेऊन जायचं. बाथरूम लांब असेल तर रात्रीपुरती कमोड चेअर पलंगाशेजारी लावा, डायपरपेक्षा हजारपट बरी. ज्या बाईला लघवी कळते तिला डायपर घातला तर कळूनसुद्धा कंट्रोल कमी होऊ शकतो, त्वचा खराब होते, आणि ओलं झालं की ती बदलायला उठणारच आहे, अंधारात.

आणि उठायची पद्धत. कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून कडेला बसायचं, घोटे वरखाली करायचे, मुठी आवळायच्या-सोडायच्या, एकदोन मिनिटं तशीच बसून मगच उभं राहायचं. उभं राहिल्यावरही लगेच पाऊल नाही, पलंगाला धरून थोडं थांबायचं. पलंग इतक्याच उंचीचा हवा की कडेला बसल्यावर तळवे पूर्ण जमिनीला टेकतील. पलंग ते बाथरूम या वाटेवर पाय लागला की लागणारा सेन्सरचा दिवा बसवा, बटण शोधायची वेळच यायला नको.

सूनबाई_धाकटी

सिस्टरनी औषधांचं छान सांगितलंय, मी घराचं सांगते, सासूबाईंचं सगळं मीच बघते.

घरात कुठे काय बदलायचं हे दिवसा बघून कळत नाही. रात्री त्या उठल्या की एकदा त्यांच्या मागोमाग जा, काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. मला तेव्हा कळलं की सासूबाई कमोडवरून उठताना टॉवेलच्या दांडीवर अख्खा भार टाकतात. डावा हात दांडीवर, उजवा गुडघ्यावर, आणि तसंच वजन टाकून वळायचं. ती दांडी टॉवेलसाठी असते, दोन बारीक स्क्रूवर, माणसाचं वजन झेलायला नाही. मग भिंतीत पक्की बसवलेली आधाराची दांडी लावून घेतली, जिथे त्यांचा हात आपोआप जात होता बरोब्बर तिथेच. हे महत्त्वाचं आहे, बसवणारा माणूस त्याच्या सोयीने जागा ठरवतो. आईंना बसवून उठवून हात कुठे जातो ते आधी बघा, खडूने खूण करा, मग ड्रिल.

कमोडची सीट उंच करणारं अटॅचमेंट मिळतं, गुडघे दुखणाऱ्यांना फार उपयोगी. पायपुसणी, वाटेतली वायर, लहान कार्पेट सगळं उचला. चप्पल मागून बंद असलेली, खाली पकड असलेला पातळ सोल, नुसत्या मोज्यांवर फरशीवर अजिबात चालू द्यायचं नाही. पायाखाली येणारा लांब गाऊन असेल तर तो वर घेऊन शिवा.

चष्म्याचं कुणी बोललं नाही म्हणून. दूरचं-जवळचं एकातच असलेला चष्मा असेल तर खाली बघताना जवळच्या नंबरमधून जमीन दिसते आणि ती धूसर दिसते, पायरीचा अंदाज चुकतो. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चालण्यासाठी फक्त दूरचा वेगळा चष्मा करून दिला. मोतीबिंदूपण तपासून घ्या.

फिजिओ_पावलोपावली

मला त्या खुर्चीत बसून राहण्याची जास्त काळजी वाटते. पडायची भीती बसली की माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी केली की मांड्यांमधला जोर जातो, जोर गेला की खरोखरच पडतो. आणि जोर किती भराभर जातो याची लोकांना कल्पना नसते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस बेडवर ठेवलं तर पायांचा जवळपास १ किलो मांसल भाग कमी झाला, आणि हे आजारी लोक नव्हते बरं का. म्हणून "तिने उठायचंच नाही" हा उपाय दादांना सुरक्षित वाटतोय पण सहा महिन्यांनी तीच आई आधाराशिवाय उभी राहू शकणार नाही.

घरी करून बघण्यासारख्या दोन चाचण्या सांगतो, शेजारी कुणीतरी उभं असू द्या. एक, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. दोन, हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७५ ते ७९ वयाच्या बायकांमध्ये १० पेक्षा कमी म्हणजे पायांत ताकद कमी. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर तो शून्य धरतात, वाईट वाटून घेऊ नका, सुरुवात कुठून करायची ते त्यावरून ठरतं.

व्यायामाने फरक पडतो का, तर पडतो, आणि हे मी फिजिओ आहे म्हणून म्हणत नाहीये. कॉक्रेन ही संस्था वेगवेगळे अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या २०१९ च्या आढाव्यात शंभरावर अभ्यास आणि २३ हजारांवर माणसं होती, घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालं. पण कोणता व्यायाम, तर तोलाचा आणि रोजच्या हालचालींचा. नुसतं खुर्चीत बसून पाय हलवणं पुरत नाही आणि नुसतं चालणंपण पुरत नाही. न्यूझीलंडचा ओटॅगो प्रोग्रॅम याच कामासाठी बनवलाय, घरीच करायचा, त्यात खुर्चीतून उठणं-बसणं, टाचा उचलणं, चवडे उचलणं, एकापुढे एक पाऊल ठेवून उभं राहणं, बाजूने चालणं असं सगळं हळूहळू वाढवत नेतात. ओट्याला किंवा जड, न हलणाऱ्या टेबलाला धरून सुरू करा. एकदा फिजिओला घरी बोलावून बसवून घ्या, कारण गुडघे आणि मनगट दोन्ही बघून ठरवायला लागेल.

काठीचं पण चुकीचं चालतं बहुतेक घरांत. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उंची, सरळ उभं राहून हात सोडला की मनगटाची घडी येते तिथपर्यंत. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. दोन्ही गुडघे सारखेच दुखत असतील तर काठीऐवजी वॉकर लागेल.

अजून एक, आणि हे डॉक्टरांना आवर्जून विचाराच. उभ्या उंचीवरून पडून या वयात मनगट मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झाली असण्याची दाट शक्यता. प्लॅस्टर निघालं, विषय संपला असं करू नका. हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी आणि हाडांचं औषध सुरू करायचं का, हे विचारा. आज मनगट आहे, पुढचं खुब्याचं हाड असतं. व्हिटॅमिन डी कमी असेल तर डॉक्टर देतील तसं घ्या पण एकदम मोठे डोस मनाने नकोत, वर्षातून एकदा भलामोठा डोस दिलेल्या अभ्यासात बायकांचं पडणं वाढलं होतं.

एकटाच_मुलगा

मध्येच विचारतो, माफ करा. हे सगळं तल्लख माणसाचं झालं. माझ्या वडिलांना डिमेन्शिया आहे, "हळू उठा" सांगितलेलं दोन मिनिटांत विसरतात, रात्रीत कितीतरी वेळा उठतात. तिथे कठड्याशिवाय काय करायचं? मी एकटा आहे, रात्रभर जागून सकाळी कामावर जातो.

सिस्टर_नाईटड्युटी

दादा, तुमचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि तुम्ही एकट्याने करताय हे वाचून वाईट वाटलं. तरीही कठडे नकोतच, डिमेन्शियात तर ते जास्त धोक्याचे, कारण हा अडथळा कशासाठी आहे हे कळत नाही आणि माणूस घाबरून धडपडतो. पलंग जमेल तितका खाली आणा, पाय काढून गादी जवळजवळ जमिनीशी आली तरी चालेल रात्रीपुरती, आणि बाजूला जाड मॅट टाका. म्हणजे घरंगळले तरी हाड मोडायचा धोका कमी. दिवसा मात्र मॅट उचलून ठेवायची, नाहीतर तीच पायात येते. माणूस उठला की वाजणारे, गादीखाली ठेवायचे अलार्म मिळतात, ते तुम्हाला जाग यायला मदत करतील, पण हॉस्पिटलमधल्या अभ्यासात अलार्मने पडणं कमी झालेलं दिसलं नाही, तेव्हा त्याच्याच भरवशावर राहू नका.

ते का उठतात ते शोधा. बोलून दाखवता येत नाही तेव्हा माणूस उठून सांगतो. दुखतंय, तहान लागलीये, लघवी, बद्धकोष्ठ, गरम होतंय, दिवसा झोप झालीये. आठवडाभर उठायच्या वेळा लिहून ठेवा, पॅटर्न दिसतोच. बाथरूमचं दार उघडं आणि आतला दिवा चालू ठेवा, दिसलं की ते तिकडे जातील. चष्मा आणि कानाचं मशीन दिवसभर लावलेलं असू द्या. आणि नेहमीपेक्षा एकदम गोंधळ वाढला, एकदोन दिवसांतच, तर तो डिमेन्शिया वाढला असं समजू नका. इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन औषध अशी कारणं असतात, लगेच दाखवा. आणि आठवड्यातल्या काही रात्रींसाठी तरी कुणीतरी ठेवा दादा, तुमची झोप हीसुद्धा त्यांच्याच सुरक्षिततेचा भाग आहे.

रातराणी७

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, सांगितलंत तसं बीपी घेतलं. आडवी असताना वरचं १३८, उभं राहून एका मिनिटात ११२! आणि "डोकं हलकं होतं का" विचारल्यावर म्हणाली "ते तर रोजच होतं गं, त्यात काय सांगायचं". डॉक्टरांना आकडे लिहून दिले, त्यांनी लघवीची गोळी सकाळवर आणली, झोपेची गोळी थोडी थोडी कमी करायला सांगितलीये, डेक्सापण लिहून दिली. दादाला हा धागा वाचायला दिला, कठड्याचं आता बोलत नाहीये, खडू घेऊन बाथरूममध्ये गेला होता.

एकच राहिलं. इतकं करून पडलीच तर? मागच्या वेळी आम्ही घाबरून काखेत हात घालून एकदम ओढून उभी केली होती. आणि तिची रक्त पातळ करायची गोळी चालूच राहणार आहे.

सिस्टर_नाईटड्युटी

आकडे बघून बरं वाटलं, म्हणजे कारण सापडलं. गोळ्या बदलल्यावर एकदोन आठवड्यांनी परत तसंच बीपी घ्या.

पडली तर पहिली गोष्ट, उचलायचं नाही. तिथेच तिच्याजवळ खाली बसा, बोला, कुठे दुखतंय विचारा. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, किंवा मांडीच्या सांध्यात प्रचंड दुखतंय तर खुब्याचं हाड असू शकतं. मान किंवा पाठ दुखत असेल तरी हलवू नका, पांघरूण घाला, अँब्युलन्स बोलवा. काहीच दुखत नसेल आणि नीट बोलत असेल तर तिलाच उठू द्या, आपण फक्त मदत करायची. कुशीवर, मग कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर, जवळ पक्की खुर्ची आणून ठेवायची, दोन्ही हात खुर्चीवर, जोरकस पाय पुढे टेकवून उठायचं, दुसरी खुर्ची मागून द्यायची. हात धरून ओढल्याने खांदा निखळतो आणि तुमची कंबर जाते.

डोक्याला लागलं असेल, किंवा लागलं की नाही हे कुणी बघितलंच नसेल, तर रक्त पातळ करायची गोळी चालू असताना ती कितीही ठणठणीत दिसली तरी हॉस्पिटलला न्यायचंच. सकाळपर्यंत थांबायचं नाही. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जातं आणि लक्षणं कधीकधी काही दिवसांनी, आठवड्यांनी दिसतात. डोकेदुखी, उलट्या, एकसारखी झोप, बोलण्यात किंवा चालण्यात बदल, यावर पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा. गोळीची भीती वाटून ती बंद मात्र करू नका, ती पक्षाघातापासून वाचवतेय, काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

ती एकटी असताना पडली तर तासन् तास जमिनीवर राहायला नको, त्यात स्नायू खराब होतात, किडनीवर ताण येतो, पाठीला जखमा होतात. फोन किंवा बेल अशी ठेवा की जमिनीवरून हात पोचेल, किंवा गळ्यात-मनगटात अडकवायचं बटण.

आणि एक वही करा. पडली तर तारीख, वेळ, काय करत होती, पायात काय होतं, चष्मा होता का, शेवटची गोळी कधी घेतली, उठल्यावर लगेच घेतलेलं बीपी. मावशींनापण लिहायला शिकवा, त्यांना लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून रेकॉर्ड करू द्या. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही त्या औषधांच्या पिशवीतच टाका.